वर्ग बंद करताना

(दहावी १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळीनंतरच्या रविवारी, सोनपेठ येथे व्यक्त केलेलं मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझा कराटेचा क्लास बंद झाला म्हणं. त्याच्यावर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणालो आणि नंतर पस्तावलो. मी दिवसभर खाली बसून पाण्याच्या मोटारी भरणारा माणूस. तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची सवय आहे, शब्द मोजायची नाही. म्हणून लिहून आणलंय. वाचतोय म्हणून रागावू नका. बाई, आपल्या वर्गात मी प्रकट वाचनाला उभा राहिलो की तुम्ही दुसऱ्या ओळीलाच "बस खाली" म्हणायच्या. आज जरा सांभाळून घ्या.

दहावीनंतर परभणीला आय.टी.आय. केलं आणि पुढं काही वर्षं पिंपरी-चिंचवडला कंपनीत काढली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिथं आमच्या खोलीशेजारच्या मैदानात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरायचा. खोलीवर जाऊन करायचं काय, म्हणून बघत उभा राहायचो. एक दिवस शिकवणाऱ्या सरांनी आत बोलावलं. सात वर्षं शिकलो, काळा पट्टा मिळाला. वडील गेल्यावर गावी परत आलो, मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि २००३ साली, गणपती उठल्यावर, एका आडत दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा मुलांवर वर्ग सुरू केला. सहातली दोन माझ्या बहिणीची होती.

त्या शेडला सोयाबीनचा आणि पोत्यांचा वास होता. पहिली काही वर्षं मॅट नव्हत्या. बारदान अंथरून त्यावर ताडपत्री ताणायचो. घामानं ताडपत्री निसरडी व्हायची, मग वरून गोणपाटाचे तुकडे. फी महिन्याला पन्नास रुपये होती, ती शेवटी दीडशेपर्यंत गेली. ज्याला जमेल त्यानं द्यायची. एकाची आई महिन्याला शेरभर तूर आणून द्यायची. मी म्हणायचो राहू द्या, तर म्हणायची, "फुकटचं शिकलं तर अंगी लागत नाही."

यंदा पाडवा झाल्यावर तो वर्ग मी बंद केला. कारणं तीन, आणि तिन्ही साधी आहेत. शेड मालकांच्या मुलांनी विकायला काढली, आणि त्यांनी काढू नये असं म्हणायचा मला हक्क नाही. त्यांच्या वडिलांनी बावीस वर्षं भाडं घेतलं नव्हतं. दुसरं, माझा उजवा गुडघा. लाथ दाखवायची तर आता भिंत धरावी लागते. तिसरं, मोठी पोरं पोलीस भरतीच्या अकॅडमीत जातात, कारण त्यांना नोकरी हवी. तीही चूक नाही. कुणावर रुसून मी वर्ग बंद केलेला नाही, एवढं आधी सांगतो. आपल्या गावात अफवा उसाच्या ट्रॅक्टरपेक्षा जोरात धावतात.

आता त्या लेकरांबद्दल सांगतो, कारण बोलायचं ते त्यांच्याबद्दलच आहे.

दोन भाऊ होते, दोघांत एकच पांढरा ड्रेस. धाकटा सोमवारी-बुधवारी ड्रेसवर यायचा, थोरला मंगळवारी-गुरुवारी. ज्या दिवशी ड्रेस नाही त्या दिवशी शाळेच्या चड्डीवर. धाकट्याला तो ड्रेस इतका मोठा व्हायचा, की ठोसा मारला तरी हात बाहीतच राहायचा. समोरच्याला ठोसा येतोय की बाही येतेय, कळायचं नाही. त्या बाहीच्या जोरावर त्यानं दोन कुमिते जिंकल्या.

एक मुलगा अडखळत बोलायचा. नाव सांगताना पहिल्या अक्षरावर त्याचा श्वास अडकायचा आणि बाकीचे हसायचे. कराटेत ठोशाबरोबर पोटातून आवाज काढतात, त्याला किआय म्हणतात. या पोराचा किआय इतका मोठा होता, की पहिल्या दिवशी आडतीवरचे हमाल काय झालं म्हणून पळत आले. अडखळणं त्याचं गेलं नाही. पण नंतर कुणी हसलं नाही.

एक मुलगी होती, जिला समोरच्याला मारताच येत नव्हतं. हात अंगापर्यंत जायचा आणि थांबायचा. मी म्हणायचो, अगं लागू दे थोडं. तर म्हणायची, "सर, त्याला लागलं तर?" तिला एकही पदक मिळालं नाही. पण लहान पोरांची पहिली रांग मी तिच्या ताब्यात दिली होती, कारण तिच्याजवळ कुणी रडत नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे, ती.

आमची शैली शोतोकान. ती जगापुढं मांडली गिचिन फुनाकोशी यांनी. ते ओकिनावा बेटावर शाळामास्तर होते आणि १९२२ साली टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले. त्यांच्या गुरूंपैकी एक, आंको इतोसू. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांत कराटे आणलं आणि शाळेतल्या पोरांना झेपतील असे पाच काता बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायची कवायत. फुनाकोशींनी त्या पाचांना 'हेयान' नाव दिलं. त्यात शांततेचा अर्थ आहे. नवीन पोराला आम्ही शिकवतो तो त्यातला पहिला, हेयान शोदान. एकवीस हालचाली. सुरुवात ठोशानं नाही, अडवण्यानं होते. पहिला हात आपण उचलायचा नाही, हे त्यातच आलं. मध्ये एकदा सरळ रेषेत पुढं जायचं असतं, वर हात करून अडवत तीन पावलं, आणि तिसऱ्या पावलाला किआय. मग वळून येताना तशीच तीन पावलं, तीन ठोसे, पुन्हा किआय. आणि नीट केला तर काता जिथं सुरू झाला त्याच जागेवर संपतो. पोरांची परीक्षा घ्यायची सोपी खूण तीच. खडूनं गोल काढायचा. त्या गोलात परत आला तर पास.

२०१८ ची गोष्ट. पाडव्यानंतर चार नवी पोरं आली, सात-आठ वर्षांची. वेगवेगळ्या वस्त्यांवरची. मी विचारलं, कधी काही शिकलात का? तर म्हणाली, हो. म्हटलं करून दाखवा. चौघांनी हेयान शोदान सुरू केला. मी बघतच राहिलो, कारण चौघंही एकच चूक करत होती. पुढची तीन पावलं जायच्या ऐवजी दोन पावलं पुढं आणि तिसरं पाऊल मागं. येतानाही तसंच. दोन पुढं, तिसरं मागं. आणि गंमत म्हणजे, दोन्ही वेळा तीच चूक केल्यामुळं चौघंही बरोबर सुरुवातीच्या जागेवर येऊन थांबली. गोलात!

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं रे?"

"ताईनं."

"कोणती ताई?"

त्यांनी मागच्या रांगेकडं बोट केलं.

ती मुलगी माझ्याकडं २०१४ पासून येत होती. नऊ वर्षांची असताना आली, तेव्हा तेरा वर्षांची होती. आणि अजून पांढऱ्या पट्ट्यावर होती. चार वर्षांत पिवळासुद्धा नाही. तिच्याबरोबर आलेली पोरं हिरव्या-निळ्या पट्ट्यावर गेली होती.

कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. उचल घेतलेली असायची, दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी बेळगावकडं. धाकटं भावंड सांभाळायला ही बरोबर. गावात हंगामी वसतिगृह होतं, पण तान्ह्या भावाला तिथं कोण घेणार? पाडव्याच्या सुमाराला परत यायची. आणि आमच्या बेल्ट परीक्षा असायच्या डिसेंबरात आणि फेब्रुवारीत. परीक्षक परभणीहून यायचे. त्या तारखा त्यांनी लादल्या नव्हत्या, मीच मागितल्या होत्या. थंडीत पोरं थकत नाहीत म्हणून. वर माझा नियम होता, पाऊण हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही. शिस्त! मला त्या नियमाचा मोठा अभिमान होता.

मी तिला विचारलं, "तिसरं पाऊल मागं का?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, दोन कोप्यांच्या मधी तेवढीच जागा ऱ्हाती. तिसरं पाऊल टाकलं की चुलीत जातंय."

मित्रहो, कोपी तुम्ही पाहिली आहे. उसाच्या पाचटाची, नाहीतर ताडपत्रीची, वाकून आत जायची. फडातून आईवडील रात्री येईस्तोवर ही पोरगी त्या दोन कोप्यांच्या मधल्या जागेत तान्ह्याला झोळीत टाकून काता करायची. टोळीतली पोरं बघायची, तर त्यांनाही शिकवायची. चार हंगाम तिनं तिथं वर्ग चालवला. त्या वर्गाला ना शेड, ना फी, ना हजेरीचा पट. आणि मी इथं, दीड तासाच्या वर्गाचा मास्तर, तिला दरवर्षी सांगत होतो की, तुझी हजेरी भरत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा वर्षांचे हजेरीपट काढून बसलो. दिवाळीनंतर ज्यांच्या नावापुढं आडवी रेघ मारली होती, ती नावं मोजत गेलो. प्रत्येक वर्षी तिसरा हिस्सा पोरं. काही वर्षी त्याहून जास्त. त्यातली निम्मी पाडव्यानंतर परत यायची आणि पुन्हा पांढऱ्या पट्ट्यात उभी राहायची. एखाद-दोन वर्षांनी यायचीच बंद व्हायची. मी म्हणायचो, टिकाव नाही लेकराला. टिकाव माझ्या वेळापत्रकाला नव्हता.

उपाय काय केला म्हणाल, तर अगदी साधा. परभणीला फोन लावला आणि परीक्षा बदलून घेतल्या. एक पोळा झाल्यावर, दसऱ्याच्या आत. दुसरी मे महिन्यात. दोन तारखा बदलायला मला पंधरा वर्षं लागली. ही काही मोठी अक्कल नव्हती. पहिल्याच वर्षी एखाद्या आईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पट्ट्यांचंही एक सांगतो. जपानात जिगोरो कानो नावाच्या शिक्षकानं १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात ज्युदोची शाळा काढली. जागा बारा चटयांची, विद्यार्थी नऊ. काळा पट्टा बांधायची चाल त्यांच्या शाळेतून आली, कराटेनं ती नंतर उचलली. पिवळा, हिरवा, निळा हे मधले रंग तर त्याच्याही बरेच नंतर, युरोपात ज्युदो शिकवताना रूढ झाले. म्हणजे शिकणं आधी होतं, रंग मागून आले. मी मात्र रंग आधी धरले आणि शिकलेलं पोर समोर उभं असून मला दिसलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्या मुलीचं बिऱ्हाड कारखान्यावर अडकलं होतं. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परवानगी दिल्यावर टोळ्या परतल्या. आल्यावर तिनं मला फोन केला, वडिलांच्या मोबाईलवरून. म्हटलं ख्यालीखुशाली सांगेल. तर पहिलं वाक्य काय, "सर, पाचवा काता कुठं शिकू? क्लास तर बंद हाय." मग मी दुकानाच्या मागं भिंतीला फोन टेकवून तिला पाचवा काता दाखवला. गिऱ्हाईकं हसत होती.

यंदा शेवटचा कार्यक्रम मी मुद्दाम पाडव्यानंतर ठेवला. सगळे परत आलेले असतात म्हणून. शेडमध्ये मावेनात इतके लोक. २००३ च्या सहांपैकी तिघं आले, एकजण आपली पोरगी कडेवर घेऊन. तो अडखळणारा मुलगा आता एस.टी.त वाहक आहे. "तिकीट घ्या" म्हणताना अडखळतो का, असं मी विचारलं. म्हणाला, "न-नाही सर, पण किआय देतो." ती मारू न शकणारी मुलगी अंगणवाडीत मदतनीस आहे. दोन भावांपैकी थोरला आला होता. धाकटा लष्करात आहे, सुट्टी मिळाली नाही. थोरल्यानं तो एकमेव ड्रेस धुऊन, इस्त्री करून आणला होता. शेडच्या खुंटीवर टांगला. कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच होता.

भाषणं ठेवलीच नाहीत. सगळ्यांनी मिळून हेयान शोदान करायचा ठरलं. सात वर्षांच्या पोरापासून तीस-बत्तीस वर्षांच्या बाप्यापर्यंत. जागा कमी आणि माणसं जास्त. मोजायला त्या ताईला उभं केलं. ती आता वीस वर्षांची आहे, तपकिरी पट्टा आहे, गंगाखेडला कॉलेज करते. तिनं एकदा शेडकडं बघितलं, एकदा गर्दीकडं, आणि मोठ्यानं म्हणाली, "आज सगळ्यांनी कोपीतला करायचा! दोन पुढं, तिसरं मागं!"

निळ्या पट्ट्याची मोठी पोरं माझ्याकडं बघायला लागली. सर चूक म्हणतील. मी काही म्हणालो नाही. भिंत धरून उभा होतो, ती सोडली आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. दोन पुढं, तिसरं मागं. कुणाचा धक्का कुणाला लागला नाही. एवढ्याशा शेडमध्ये सगळे मावले. एकवीस हालचाली झाल्या आणि सगळे आपापल्या जागी परत. मॅट दुसऱ्या दिवशी हंगामी वसतिगृह चालतं त्या शाळेत नेऊन टाकल्या. सुट्टीच्या दिवशी ती ताई तिथं शिकवणार म्हणाली आहे. शिकवेल तेवढं शिकवेल. मी तिला वचन मागितलं नाही.

आता शेवटचं, आणि हे जरा कडू आहे.

आज सकाळी इकडं येताना परळी रस्त्याला तीन ट्रॅक्टर लागले. भांडीकुंडी, कोंबड्या, वर बसलेली लेकरं. यंदा सप्टेंबरात पाण्यानं सोयाबीन नेलं. ज्यांनी औंदा जायचं नाही म्हणून ठरवलं होतं, त्यातलेही काही निघालेत. मी गाडी बाजूला घेतली आणि बघत राहिलो. दुसऱ्या ट्रॅक्टरवरच्या माणसानं मला हात केला. मीही केला. पुढं गेल्यावर लक्षात आलं, तो कोण. सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा. मधल्या सुट्टीत त्याच्या ज्वारीच्या भाकरीवर माझा अर्धा वाटा असायचा. आठवीच्या दिवाळीनंतर तो आला नाही. आम्ही दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा बसला. बसणारा आज इथं पहिल्या रांगेत आहे, तो ओळखेल.

मित्रहो, हा मेळावा भरवायला संयोजकांनी फार कष्ट घेतले. दहावीच्या निकालाची यादी मिळवली, एकेकाचा नंबर शोधला. पुणे, मुंबई, हैदराबाद, अगदी दुबईहून माणसं आणली. मी त्यांचा ऋणी आहे. पण जी यादी आपण धरली ती दहावीची. आपल्याबरोबर पाचवीत बसलेले, सातवीत बसलेले आणि दहावीपर्यंत न पोचलेले त्या यादीत नाहीत. तारीख धरली दिवाळीनंतरची, कारण नोकरीवाल्यांना सुट्टी असते. त्याच आठवड्यात ते गाव सोडतात. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. माझ्याही मनात पंधरा वर्षं वाईट नव्हतं. मीही पाऊण हजेरीचाच नियम लावत होतो.

म्हणून गुरुजनांच्या साक्षीनं एक मागणी करतो. पुढचा मेळावा पाडव्यानंतर घ्या. उन्हाचा त्रास होईल, होऊ द्या. आणि यादी दहावीच्या निकालाची न धरता, पाचवीच्या हजेरीपटाची धरा. सर, तो पट शाळेच्या कपाटात असेल तर शोधायला मी येतो. धूळ झाडायची मला सवय आहे. नंबर शोधायचं कामही माझ्याकडं द्या. संध्याकाळचे दोन तास आता मोकळेच असतात.

जागा पुरणार नाही असं कुणी म्हणालं, तर दोन पावलं पुढं टाका आणि तिसरं मागं. सगळे मावतात. मी बघितलंय.

बाई, आज तुम्ही मला "बस खाली" म्हणाला नाहीत. आता मीच बसतो.